खुर्चीवरचा बदली

गिरणी संपानंतर आमच्या लालबागच्या घरात एकच नियम उरला, कामावरून उठायचं नाही. वडील संपात उतरले ते पुन्हा मागावर उभे राहिलेच नाहीत. त्यामुळे मी सॉफ्टवेअरमध्ये लागल्यावर आईने रजेचं नाव घरात काढू दिलं नाही. गणपतीला अख्खी चाळ कोकणात जायची आणि मी परळला, बंद गिरणीच्या आवारातल्या काचेच्या ऑफिसात. आई शेजारणींना सांगायची, "याच्यावाचून त्यांचं पान हलत नाही."

ते खरं होतं. एक जुनी सिस्टीम फक्त मलाच कळायची. पण डोकं दगा देऊ लागलं. मीच लिहिलेला कोड परक्याचा वाटे. डावी पापणी फडफडायची ती थांबेचना. शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी एका दुपारी स्क्रीनकडे बघत रडायला लागला. त्याला टॅक्सीत बसवून घरी पाठवलं, तो परत आला नाही. कंपनीने मग 'वेलनेस वीक' साजरा केला. समई पेटली, पाहुण्यांना शाल मिळाली. ताण कमी करण्यावरचं भाषण लांबलं, म्हणून राहिलेलं काम आम्ही शनिवारी येऊन संपवलं.

वडिलांनी माझी पापणी पाहिली. "गावाक जाऊन ये."

"माझं काम कोण बघणार?"

"बदली ठेव." गिरणीत कायमचा कामगार गावी गेला की त्याच्या मागावर बदली उभा राहायचा. "पण गाववालोच बघ हां. परक्याक माग आवडलो तर तो परत देतलो काय?"

"त्याच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका," आई ओरडली.

"डोक्यात जागा खंय उरली हा?"

आमच्या ऑफिसात गाववाला कुठला? मी नागपूरच्या एका सहकारी मुलीला शिकवलं. तिने भराभर उचललं, वर मला कधी न सुचलेली दुरुस्ती सहज करून दाखवली. मॅनेजरने माझा अर्ज वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि लगेच रजा मंजूर केली. इतकी तत्परता मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती.

गावी मी नुसता झोपलो. पापणी थांबली. रेंज फक्त पडवीत यायची, म्हणून फोन तिथेच ठेवला होता. तो वाजला नाही. "ऑफिसवाले इसारले काय रे तुका?" चुलतीने विचारलं.

शेवटी वाजला. नागपूरची ती सहकारी होती. "अरे, घाई करू नकोस. मॅनेजर म्हणतोय, इथं सगळं नीट चाललंय. अजून राहिलास तरी चालेल."

पलीकडे कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. मी तिचे आभार मानले, आणि राहिलो.