वायर सैल

प्रयोगशाळेत तिला सगळे वायरवाली बाई म्हणत. झोप येऊ न देणाऱ्या गोळ्या मेंदूवर काय परिणाम करतात, याचा तिथं अभ्यास चाले. डॉक्टरांचं नाव छापून यायचं, हिच्या नखांत लेप जायचा. माणसाच्या डोक्याला आणि पोटरीला लेपानं वायरी चिकटवायच्या, मग कागदावर उमटणाऱ्या रेघा वाचून तो कधी जागा होता, कधी पेंगला ते लिहायचं, हे काम तिनं एकोणीस वर्षं केलं. माणूस थापा मारेल, रेघ मारत नाही, असं ती ठासून सांगायची.

या कामात ती पडली धाकट्या भावामुळे. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण त्याला झोपेचा आजार. बोलता बोलता मान टाकायचा. लहानपणी घरात त्याला कुंभकर्ण म्हणून चिडवत, आणि चिडवण्यात हीच पुढे. तो आजार आहे हे कळलं तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे त्याचं शिडीवर चढणं बंद झालं आणि तो घरात बसून राहिला.

नवी गोळी तपासायची ठरली तेव्हा तिनं त्याचं नाव घातलं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसत्या पिठाची. कुणाला कुठली ते पाकिटात बंद, डॉक्टरांनाही ठाऊक नाही. तीन महिन्यांनी चाचणी. अंधुक खोलीत खुर्चीवर काहीही न करता चाळीस मिनिटं जागं राहायचं, असं दिवसातून चार वेळा. चारही वेळा जागा राहिला तर धाकट्याला कामावर जायचं पत्र मिळणार होतं.

"त्याच्या रेघा दुसऱ्या कुणाला वाचू द्या," डॉक्टर म्हणाले. "आपल्या माणसापाशी डोळा फसतो."

"एकोणीस वर्षांत फसला नाही, तो आता फसेल?"

डॉक्टरांनी रेघा वाचणाऱ्याच्या जागी तिचंच नाव लिहिलं. त्यांच्याकडे दुसरं होतंच कोण!

धाकट्याच्या डोक्याची रेघ बरी चालली होती. पायाची मात्र दर दोन-तीन मिनिटांनी फुगायची. वायर सैल झाली की रेघ अशीच फुगते. तिनं दोनदा आत जाऊन लेप दाबला.

"बूट काढतोस का जरा?"

"राहू दे ना ताई, फरशी गार आहे."

तिसऱ्यांदा ती उठली नाही. खरं सांगायचं तर तिला त्या दिवशी रेघ वाचायचीच नव्हती, भाऊ बरा झालेला बघायचा होता. फुगवटा आला की समासात शेरा मारायचा आणि पुढे जायचं, असा तिनं सपाटा लावला.

पत्र हातात पडलं तेव्हा धाकटा ढसाढसा रडला. "आता कुणी कुंभकर्ण म्हणणार नाही ना?"

"म्हणून तर बघू दे!" ती म्हणाली, आणि तिलाही रडू आवरेना.

सोळाव्या दिवशी भर दुपारी, चपलांच्या दुकानाची पाटी रंगवताना तो शिडीवरून पडला आणि जागीच गेला. दुकानदार सांगत होता, पाय घसरला नाही, ओरडला नाही. हातात ब्रश तसाच, मान टाकली आणि आला खाली.

दवाखान्यातून कपड्यांचं गाठोडं मिळालं. भावजयीला ते सोडवेना, म्हणून हिनं सोडलं. उजव्या बुटात टाचेच्या जागी चिंचोक्याएवढा टोकदार खडा होता.

"चाचणीच्या दिवसापासून घालायचे," भावजय म्हणाली. "झोप आली की टाच दाबायचे. ताईला सांगू नकोस म्हणाले, किती वर्षांनी हसलीय ती."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याचं पाकीट फोडलं. पिठाची गोळी. ते बाहेर गेले आणि जाताना दार ओढून घेतलं, हे त्यांचे उपकारच.

ती आपल्या खुर्चीत बसली आणि धाकट्याचे कागद पुढे ओढले. प्रत्येक फुगवट्याच्या आधी डोक्याची रेघ पेंगायला लागली होती. शिकाऊ पोरीलाही दिसलं असतं. प्रत्येक वेळी टाच दाबताना पोटरी आवळून पायाची रेघ फुगली होती आणि तो परत जागा झाला होता. तिनं मोजलं, त्रेसष्ट वेळा. आणि त्रेसष्ट वेळा शेजारी तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, वायर सैल.