भिंतीपल्याडचं चेंबर

आबांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी उकिडवे बसून सायकलचा पंप मारत होते. पंपाच्या नळीला चिंधी गुंडाळून ती मोरीच्या भोकात खुपसलेली, आणि कान भिंतीला लावलेला. समोरच्या घरात नव्यानं भाड्यानं आलेला मास्तर दारात उभा आहे, याचं त्यांना काहीच नव्हतं. बऱ्याच वेळानं उठले आणि निकाल दिला, "मास्तर, तुंबलंय ते भिंतीपल्याड. आपल्या हद्दीत काय बिघाड न्हाय."

हे वाक्य ऐकून ऐकून पुढं माझे कान किटले. आबा गुळाच्या अडतीत दिवाणजी. घरात कुणी खोकलं तर दोष शेजारच्या चुलीचा, जावई रुसला तर खोट जावयाच्या घरची. मोरीच्या बाबतीत मात्र त्यांचं बरोबर होतं. उकळतं पाणी ओतून झालं होतं, धुण्याचा सोडा टाकून झाला होता. बांबूची कामटी भिंतीपर्यंत सरळ जायची आणि पलीकडं अडायची.

भिंत वाटणीची. पलीकडं धाकटा भाऊ, तात्या. परड्यातल्या हातभर जागेवरून दोघांचं बोलणं तुटलेलं. वाटणीत तांब्याचे हंडेसुद्धा वाटले, पण आबांच्या मोरीची नळी तात्याच्या परड्यातल्या चेंबरात उतरते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तात्याचं पाणी दुसऱ्या अंगानं जायचं, त्याला त्रास नव्हता.

मी शहाणपणा करून तात्याकडं गेलो. माणूस वाईट नव्हता. चहा पाजला आणि म्हणाला, "आबानं एकदा दारात येऊन सांगू दे की. लगेच फरशी काढतो." मी उड्या मारत परत आलो. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी थोरला हाय, मास्तर. थोरल्यानं धाकट्याच्या दारात जायचं व्हय?" बस्स, संपलं. यावर बोलणार काय, कपाळ?

या सगळ्यात मरण होतं ते अक्कांचं, आबांच्या बायकोचं. भांडी घासलेलं पाणी बादलीत भरायचं आणि पायऱ्या उतरून रस्त्याकडच्या गटारात ओतायचं, दिवसभर हेच. कमरेत वाकल्या होत्या बिचाऱ्या. एकदा माझ्यादेखत त्यांनी विचारलं, "मीच जाऊन सांगू का भावजीस्नी?" आबा म्हणाले, "गेलीस तर परत ह्या दारात यायचं न्हाय." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. वर्षं गेली. बादली चालूच होती.

एका सकाळी खरकट्या पाण्याची बादली घेऊन उतरताना अक्कांचा पाय घसरला. खुबा मोडला. सरकारी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की आता उभं राहणं नाही. त्याच दिवशी मी आबांसोबत स्वयंपाकघरात होतो. अक्कांचं तात्याच्या कानावर गेलं असावं. कुणी सांगायला न जाता भिंतीपलीकडं पहार वाजली, फरशी सरकल्याचा आवाज आला, आणि आमच्या डोळ्यांसमोर मोरीतलं साचलेलं पाणी गरगरत खाली गेलं. चहा निवायच्या आत काम झालं होतं. तात्या पलीकडून ओरडला, "काथ्याचा बोळा हुता, आबा. मूठभर."

बाजेवरून अक्कांनी विचारलं, "गेलं व्हय पाणी?"

"गेलं."

"कशानं तुंबलंतं?"

आबा दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. शेवटी मीच सांगितलं, मूठभर काथ्या. अक्कांनी पदर तोंडावर ओढून घेतला. मला तेव्हा त्या दोन्ही भावांना धरून बडवावंसं वाटलं होतं, आजही वाटतं.

अक्का त्यानंतर दोन वर्षं पडून होत्या. भांडी आबाच घासत. मोरी पुन्हा कधी तुंबली नाही.