झिलईवाल्या वहिनी

कुंचला ओठांत धरायचा, अलगद ओढून घ्यायचा आणि टोक नीट आलं की नाही ते डोळ्यांपुढे धरून बघायचं. मग बरणीच्या पोटावर एका दमात मासा काढायचा. मी कधीही त्यांच्या अंगणात डोकावले की वहिनी हेच करत बसलेल्या असायच्या. खालचा ओठ कायम केशरी. "चिंधीनं असं टोक येत नाही हो बाई," त्या म्हणायच्या, "ओठांनीच येतं."

मी शाळेत शिकवायची, म्हणून सगळी वसाहत मला बाई म्हणे. वहिनी माझ्याहून लहान, पण मी त्यांना अहो-जाहोच करायची. ऐंशीच्या दशकाचा मध्य उलटला होता आणि बेलापूरला डोंगराच्या पायथ्याशी आमची बैठ्या घरांची वसाहत नुकती वसत होती. दुकानं कमी, धूळ भरपूर. अशा जागी नवरा-बायकोनं राहत्या घरात मातीच्या भांड्यांचा स्टुडिओ काढावा, हे आम्हांला निव्वळ खूळ वाटलं होतं. वहिनींच्या यजमानांनी कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडली होती. ते पुढच्या खोलीत चाकावर बसत आणि मागच्या अंगणात भट्टी लावत. रंग आणि झिलई वहिनींकडे.

भट्टी उघडायचा दिवस म्हणजे त्यांच्याकडचा सण. एखादी बरणी आत फुटलेली निघाली की यजमानांचा चेहरा पडायचा. वहिनी रंगवलेली खापरी उचलून म्हणायच्या, "तुमचा अर्धा भाग फुटला, माझा शाबूत आहे." ते खापरी काढून घेत आणि दोघं हसत सुटत. तुम्हीही अशी जोडपी पाहिली असतील. त्यांच्याकडून परत येताना आपल्या घरात उगाच अंधार वाटतो.

झिलईत त्या शेंदूर घालत. शेंदूर आणि काचेची पूड डिंकाच्या पाण्यात खलायची, भांड्यावर चढवायची, की भट्टीतून भांडं पाणी प्यायल्यासारखं चकचकीत होऊन येई. एका जुन्या कारागिरानं त्यांना हे शिकवलं होतं. मी एकदा म्हटलं, "अहो, शेंदूर तोंडात कसला घालता? आवाज जातो म्हणतात." त्यावर त्या कुंचला ओठांतून काढून म्हणाल्या, "मला कुठे मैफल करायची आहे? आणि भट्टीत सगळ्याची काचच होते." मलाही पटलं. शेंदूर पोटात गेला तर गवयाचा गळा बसतो, एवढंच आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. देवाला लावतात ती वस्तू, तिचं भय कोण बाळगणार?

त्यांची भांडी घरोघरी गेली. खाडीकाठच्या दिवाळे गावच्या कोळणी कालवणासाठी चिंच भिजवायला त्यांचे वाडगे नेत. आमच्या ओळीत प्रत्येकाकडे लोणच्याची बरणी त्यांचीच. माझ्या चार वर्षांच्या मुलीला त्यांनी बदक काढलेली एक वाटी दिली होती. त्या वाटीशिवाय ती दह्याला तोंड लावत नसे.

वहिनींचं पोट दुखायचं. ते दुखणं दोन वर्षं चाललं होतं. कुणी जंत म्हणालं, कुणी पित्त, एका डॉक्टरनं तर मनाचे खेळ म्हणून सांगितलं. चेहरा पांढराफटक पडला. त्याच काळात दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. वसाहतीतल्या बायकांनी उपास सांगितले, गंडे आणून दिले. वहिनी सगळ्यांना हो म्हणायच्या आणि कुंचला ओठांत धरायच्या. मग हात मनगटापासून लोंबू लागले. मासा काढताना शेपटी घसरायला लागली, तेव्हा यजमान त्यांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी माझ्या दारात उभ्या राहिल्या. कोपरात एक मोठी कापडी पिशवी अडकवलेली. पिशवीत बरण्या एकमेकींवर वाजत होत्या.

"बाई, बदकाची वाटी द्या."

मला वाटलं, कुणाला तरी नमुना दाखवायचा असेल. मुलगी आत त्याच वाटीत दही खात होती. मी म्हटलं, "खाणं होऊ दे तिचं."

"नको. आत्ता द्या. शेंदरात शिसं असतं. आंबट ठेवलं की ते अन्नात उतरतं. डॉक्टरांनी सांगितलं. मी सगळी परत गोळा करते आहे." त्यांनी ब्लाउजमधून एक चिठ्ठी काढायचा प्रयत्न केला, बोटं वळेनात, तेव्हा मलाच काढायला लावली. "इथे तिचं रक्त तपासून घ्या. आजच जा."

दीड वर्ष रोज मी माझ्या हातानं तिला त्या वाटीतून भरवत होते. मी आत धावले, वाटी हिसकावली, दही मोरीत ओतलं. मुलगी भोकाड पसरून रडायला लागली. बाहेर येऊन मी ती वाटी वहिनींच्या पुढे धरली आणि म्हणाले, "स्वतःचं मूल असतं तर असं काही घरोघरी वाटायच्या आधी विचार केला असतात."

"हो," त्या म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही तळवे वाटीखाली धरून ती पिशवीत सोडली आणि पुढच्या घराकडे वळल्या.

त्या दिवसांत त्या वसाहतभर आणि खाली दिवाळ्यापर्यंत हिंडल्या. कुठलं भांडं कुणाकडे गेलं, ते त्यांना त्यावरच्या चित्रावरून पाठ होतं. काही लोक अंगावर आले. काही जणांनी खोटं सांगून बरणी लपवली. एक म्हातारी कोळीण मात्र वाडगा छातीशी धरून बसली. "मना काय व्हनार हाय गं बाय? तुजा हात लागलाय याला." वहिनी तिच्या उंबऱ्यावर तासभर बसून राहिल्या, तेव्हा कुठे तिनं तो दिला. यजमानांनी ती सगळी भांडी फोडून अंगणात खड्डा खणून पुरली.

चौथ्या दिवशी यजमान मला नळावर भेटले. मुलीची चौकशी केली. मग खाली बघत म्हणाले, "डॉक्टरांनी आधी मुलांचंच विचारलं. दोन्ही वेळचं सांगितल्यावर म्हणाले, शिशानं असंच होतं."

"हे कधी?"

"तुमच्याकडे आली ना, त्याच्या आदल्या दिवशी."

हंडा भरून वाहत होता. नळ बंद करायचा असतो, हे मला सुचेना. मागून कुणीतरी ओरडलं, तेव्हा यजमानांनीच तो बंद केला. इतकी हादरलेली मी त्याआधी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

मुलीचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. तोवर मी त्यांच्या घराकडे फिरकले नाही. लाज वाटत होती, हे खरं कारण. रिपोर्ट चांगला आला तेव्हा तो घेऊन गेले. वहिनी गादीवर टेकून बसल्या होत्या आणि यजमान त्यांना स्टीलच्या वाटीतून पेज भरवत होते. माझ्या हातातला कागद बघून त्यांनी तोंड फिरवून घास नाकारला.

"काय आलं?"

"चांगला आहे. काही नाही."

"मला बघू."

मी कागद त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. त्यांनी अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग पुन्हा वरून वाचला. "बरं झालं," म्हणाल्या आणि घास घेतला. माफीचं वाक्य मी घरून जुळवून आले होते. पण यजमान समोर होते, पेज गार होत होती, आणि मी म्हटलं, "उद्या येते."

दुसऱ्याच पहाटे वहिनींना झटके यायला लागले. त्यांना टॅक्सीनं मुंबईला नेलं. मी दारात पोचले तेव्हा टॅक्सी वळणावर होती.

त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी यजमान एकटेच परत आले. आम्ही चार-पाच घरची माणसं त्यांच्या दाराशी जमलो. ते सगळ्यांना ओलांडून माझ्याजवळ आले.

"मुलगी बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. "शेवटपर्यंत, शुद्धीवर आली की एवढंच विचारायची."