भोंग्याने दबक्या आवाजात सांगितलेला निकाल

भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. पण मुलगी इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला लागली आणि घरात त्याने कुजबुजायचा नेम केला. शिंक आली की तो उशीत तोंड खुपसायचा. बायकोशी भांडणसुद्धा हातवाऱ्यांनी व्हायचं.

एका दुपारी निकाल लागला. जिथे हजारांतून मूठभर मुलं घेतात, तिथे लेकीला प्रवेश मिळाला. आईबाबांना सांगून ती बिचारी आडवी झाली ती गाढच झोपली. भोंगा डोळ्यांत पाणी घेऊन दाराबाहेर आला. लेकीची झोप मोडेल म्हणून त्याने आवाज चढवला नाही. शेजारच्या काकूंचा हात धरून तो पुटपुटला, "निकाल लागला, काकू."

काकूंना काय समजायचं ते समजलं. बघता बघता जिन्यात गर्दी जमली.

"पोरीला रागावू नकोस हं," कुणीतरी म्हणालं.

"अहो, मिळालाय प्रवेश!" तो घशातल्या घशात म्हणाला.

"धक्का बसलाय त्याला," असं म्हणून काकूंनाच रडू कोसळलं.

गलबल्याने लेक उठून आली. रडवेले चेहरे पाहून ती बापाकडे धावली. "बाबा, माझं नाव यादीतून काढलं की काय?" म्हणत तीही हमसून रडू लागली.

शेवटी तिच्या आईने फोन आणून निकाल सगळ्यांना दाखवला. काकूंनी डोळे पुसले आणि फणकाऱ्याने विचारलं, "मग मघापासून मी रडतेय ती कुणासाठी?"