तोच चेहरा, तिसऱ्यांदा

मला डॉक्टर व्हायला लातूरला पाठवलं आणि मी तिथं जपानी चित्रकथा वाचत बसले, असं माझे मामा अजून चारचौघांत सांगतात. त्यात खोटं फारसं नाही. फक्त त्या मी गंमत म्हणून वाचत नव्हते, एवढं मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगून त्यांना काय कळणार होतं, डोंबल!

आम्ही नांदेड जिल्ह्यातल्या नायगावचे. म्हणजे मी आणि आई नायगावच्या, अप्पा मूळचे लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. अप्पा शाळामास्तर. दहावीला मला बरे मार्क पडले आणि त्या काळी बरे मार्क पडलेलं पोर लातूरला गेलं नाही तर लोक पोराच्या घरात काय बिघडलंय ते विचारायला यायचे. मग मी गेले. क्लासच्या गल्लीत एका काकूंच्या घरावर पत्र्याची खोली, दोन लोखंडी पलंग, खाली मेस. सगळ्या भिंतींवर गेल्या वर्षी नंबरात आलेल्या पोरापोरींचे फोटो. मोबाईल ठेवायचा नाही, घरून फोन आला तर तो काकूंकडे यायचा. पाच मुली एका वेळी हसल्या की काकू खालून ओरडायच्या, "हसायला आलात का शिकायला?" आम्ही खरंच विसरलो होतो.

माझ्या खोलीतली मुलगी बिलोलीकडची होती. तिचा भाऊ हैदराबादला इंजिनिअरिंगला होता. त्याने तिला एका जपानी बाईच्या विनोदी चित्रकथांच्या झेरॉक्स दिल्या होत्या, इंग्रजीत केलेल्या. तीन वेगवेगळ्या मालिका, तीन जाड स्पायरल. वरून निळं कव्हर आणि त्यावर 'बायोलॉजी नोट्स' असं तिच्याच अक्षरात. ती पानं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात, आजोबांच्या जमिनीचे उर्दू कागद असायचे तशी. पण झेरॉक्सवाल्याने सवयीने डाव्या बाजूला स्पायरल मारली होती. त्यामुळे पहिली मालिका मी शेवटाकडून वाचली. नायक-नायिका आधी एकमेकांचा हात धरतात, मग भांडतात, आणि शेवटी ओळखच राहत नाही. मला ते जास्त खरं वाटलं होतं. मैत्रीण पोट धरधरून हसली, "अगं येडे, उलटं वाचून राहिलीस!"

मग सरळ वाचल्या. पहिल्या मालिकेत एका गावातलं सायकलचं दुकान आहे. दुकानदाराच्या पोराच्या डोक्यावर केसांची एक बट कायम उभी. जाड भुवयांची एक उंच मुलगी रोज पंक्चर झालेली सायकल घेऊन येते. ती टाचणीने स्वतःच पंक्चर करते हे वाचणाऱ्याला कळतं, त्या ठोंब्याला शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. दुसरीत एका बेटावर हवामानखात्याचं ऑफिस आहे. तोच पोरगा, तीच बट, पण आता तो नवा कारकून आणि जाड भुवयांची मुलगी त्याची साहेब. त्यांचा अंदाज रोज चुकतो. तिसरी जुन्या काळातली, नदीकाठच्या एका खानावळीत. तिथं दोघांचं लग्न पहिल्याच पानावर लागून गेलेलं आहे आणि दोघांनाही वाटतंय की समोरच्याला हे लग्न करायचं नव्हतं. तिन्हींत एक बोळक्या तोंडाची म्हातारी आहे. ती सतत काहीतरी खात असते आणि दोघं मनातलं बोलायला लागले की नेमकी मधे येते. नावं सगळ्यांची वेगळी, गावं वेगळी, चेहरे मात्र तेच.

दिवाळीनंतर मैत्रिणीला करमेनासं झालं. ती रात्रंदिवस रडायला लागली आणि एक दिवस तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. जाताना तिने तिन्ही स्पायरल माझ्या पलंगावर ठेवल्या. दुसऱ्या पलंगावर काकूंनी वर्षभर कोणाला आणलं नाही. मी त्या रिकाम्या पलंगाकडे पाठ करून झोपायचे. क्लासमध्ये एका बाकावर चार जणी खेटून बसायचो, आणि मला दिवसाकाठी बोलायला एक माणूस नव्हतं. मेसमधल्या मावशी "भात वाढू का?" विचारायच्या, त्याला "हाव" म्हटलं की माझं त्या दिवसाचं बोलणं संपायचं.

तेव्हा मी तुलना करायला लागले. प्रॅक्टिकलच्या वहीच्या शेवटच्या पानांवर तक्ता आखला, आम्हाला एकदल आणि द्विदल वनस्पतींचा फरक लिहायला सांगत तसाच. साम्य, भेद, उदाहरण. पहिल्या मालिकेत पोरगा प्रेम लपवतो, दुसरीत तो बोलून टाकतो पण ती नेमकी तेव्हा मनोऱ्यावर वारा मोजत असते, तिसरीत बोलायची सोयच उरलेली नाही म्हणून तो रोज तिच्या चपला चुलीजवळ वाळत ठेवतो. हे सगळं मी सुबक अक्षरात लिहिलं. बायोलॉजीतसुद्धा इतकं सुबक कधी लिहिलं नव्हतं. साम्याच्या रकान्यात पहिलं वाक्य होतं : 'तिन्हींत मुलगी एकच आहे, फक्त नाव बदलते.'

माझं उलटं होतं. माझं नाव मी इथं लिहीत नाही, कारण ते आधी दुसरीचं होतं. अप्पांचं पहिलं लग्न झालेलं होतं. बायको आणि सहा वर्षांची मुलगी गावी, अप्पा नोकरीसाठी नायगावला, शनिवारी घरी जायचे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तो मधलाच वार होता. अप्पा वाचले आणि त्या दोघी गेल्या. नंतर माझ्या आईशी लग्न झालं, मी झाले, आणि अप्पांनी तिचंच नाव मला ठेवलं. आमच्या तिकडे अशी नावं पुष्कळ घरांत ठेवली गेली. गेलेलं माणूस परत आलं असं म्हणायचे आणि पाळण्यात तेच नाव घ्यायचे. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. आई मात्र मला आयुष्यात कधी नावाने हाक मारत नाही, 'बाई' म्हणते. मी नऊ वर्षांची असताना अप्पांनी मला जुन्या गावच्या जागी नेलं होतं. तिथं दगडावर गेलेल्यांची नावं कोरली आहेत. त्यात माझं नाव, पुढे अप्पांचं नाव, मग आडनाव. शाळेच्या हजेरीत असतं तसंच, अक्षराचा फरक नाही. अप्पा हात जोडून उभे होते आणि मी माझंच नाव वाचत होते. मला भयंकर राग आला होता. कोणावर काढायचा ते समजलं नाही.

लातूरच्या क्लासचा फॉर्म भरताना तर हद्द झाली. अप्पांनी माझ्या नावापुढे जन्मतारीख लिहिली ती तिची. क्लार्क हसला, "गुरुजी, ही पोरगी अकरावीला हाय की लग्नाची हाय?" अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी दुसरा फॉर्म मागितला, तारीख मला विचारली आणि मी सांगितली तशी लिहिली. सोळा वर्षांत त्यांनी ती कधी लिहिलीच नसेल असं नाही. पण पेन हातात घेतल्यावर आधी कोण आठवतं, ते मला त्या दिवशी कळून चुकलं. मैत्रीण गेल्यावरच्या त्या महिन्यांत मी एवढंच शोधत होते की अप्पा दर पंधरा दिवसांनी साडेचार-पाच तास एसटीत बसून नेमकं कोणाला भेटायला येतात.

कारण ते येताना राजगिऱ्याचे लाडू आणायचे. नांदेडच्या स्टँडवरच्या एका ठरावीक गाड्यावरून, कागदात बांधलेले चार. नायगावला असताना कधी आणले नव्हते. लातूरला मी गेले आणि ते सुरू झालं. अप्पा शनिवारी याच रस्त्याने गावी जायचे आणि याच स्टँडवरून लाडू घ्यायचे, हे मला आईने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं. मला राजगिऱ्याचा लाडू मुळीच आवडत नाही. तो दाढेला चिकटतो, नुसता गुळमट लागतो. तरी अप्पांसमोर एक खायचे, "छान आहे" म्हणायचे आणि उरलेले तीन मेसच्या मावशींना द्यायचे.

अप्पांना वह्या तपासायची खोड. खिशाला लाल पेन लावलेलंच. एका रविवारी ते काकूंच्या ओट्यावर बसून माझी प्रॅक्टिकलची वही चाळत होते आणि चाळता चाळता शेवटच्या पानांवर गेले.  ते तक्ता वाचत राहिले. मग म्हणाले, "हे सिलॅबसमधलं न्हाई."

"नाही."

"पुस्तकं कुठंयत?"

मी स्पायरल आणून दिल्या आणि बोलणी खायच्या तयारीने उभी राहिले. अप्पांनी चष्मा लावला. दोन-चार पानं उलटसुलट केली आणि न सांगता उजवीकडून वाचायला लागले. आजोबांजवळ बसून ते उर्दू शिकले होते. मी क्लासला जाऊन दोन तासांनी परत आले तरी ते वाचतच होते, आता तिसरं. एकदा तर हसले. मी अप्पांना एकटं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"म्हातारी लई आगाऊ हाय," ते म्हणाले. मग माझी वही उघडली, लाल पेन काढलं आणि साम्याच्या रकान्यातल्या पहिल्या वाक्याखाली रेघ ओढली. "हे चुकलंय तुझं. चेहरा एक म्हणून पोरगी एक कशी? पहिली रडताना तोंड लपवती. दुसरी रडायला आली की दुसऱ्यावर ओरडती. आन् ही तिसरी उघड्या तोंडानं रडती, लाजत न्हाई. तीन येगळ्या पोरी हायत त्या. नीट बघायचं माणसानं."

हे त्यांनी वर्गात सांगतात तसं सांगितलं. स्वतः काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. माझा मात्र तोल गेला. शेजारी लाडवांचा पुडा होता. मी म्हणाले, "अप्पा, मला राजगिऱ्याचे लाडू आवडत नाहीत."

ते पुड्याकडे बघत राहिले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. एकदाही आवडले नाहीत."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.  पिशवी उचलली, "गाडीचा टाइम झाला" म्हणाले आणि गेले. गाडीला अजून तास होता. मी तो पूर्ण आठवडा स्वतःला शिव्या देत काढला. म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाच्या हातातून एवढीशी गोष्ट हिसकावून मला काय मिळालं होतं? पुढचा रविवार त्यांच्या येण्याचा नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी ते येतील असं मला वाटत नव्हतं.

त्या रविवारी सकाळी काकूंनी खालून हाक मारली, माझा फोन होता. मागून एसटी स्टँडचा गोंधळ ऐकू येत होता.

"नांदेडला हाव मी," अप्पा म्हणाले. "तुला काय आणू?"

हा प्रश्न त्यांनी मला त्याआधी कधीच विचारला नव्हता.  काय आवडत नाही ते मला पाठ होतं, आवडतं काय याचा मी विचारच केला नव्हता. काकू दारात उभ्या. अप्पांनीही घाई केली नाही. शेवटी तोंडाला आलं ते सांगितलं, "पेरू. कच्चे."

"कच्चेच ना? बरं."

ते आले. पिशवीत सहा कच्चे पेरू, दोन तर दगडासारखे. आम्ही ओट्यावर बसलो. मी पेरू खायला लागले तसं अप्पांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची लहान पुडी काढली. आत एक लाडू. तो मला हवा का, ते त्यांनी विचारलं नाही. मोडून स्वतः खायला लागले, सावकाश, कण पडला तर तोही उचलून.

मी विचारलं, "तिला आवडायचा?"

"लई," अप्पा म्हणाले. "दाताला चिकटला की रडायची. मी काडीनं काढून द्यायचो. लगेच दुसरा मागायची." मग ते तोंड न लपवता रडले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आतून काकू काही ओरडायच्या आधीच त्यांनी डोळे पुसले आणि पेरूला मीठ लावून खा म्हणून मला सांगितलं.

मी त्यांना स्टँडवर पोचवलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून मला नावाने हाक मारली, अभ्यास कर म्हणाले. ती हाक माझी होती, मला शंका आली नाही. ज्याच्यासाठी मी वर्षभर झुरले ते मिळालं होतं. मी आनंदाने चालत खोलीवर आले, दार उघडलं आणि समोर तो रिकामा पलंग.

आणि तेव्हा उमगलं की आजवर मी कधी पूर्ण एकटी नव्हतेच. माझ्या नावात कोणीतरी होती, माझ्या वाटणीचे लाडू खाणारी, मला जिचा राग राग यायचा अशी. अप्पा तिला आपल्या खिशात घालून नांदेडच्या गाडीने घेऊन गेले. मी पलंगावर बसून राहिले. उरलेले पेरू तसेच होते. मला ती आठवत होती, जिला मी कधी पाहिलंच नव्हतं, आणि तिच्यावाचून मला त्या खोलीत करमेना.