बासरीखालची आई

कॉलेजच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. परीक्षेच्या दिवसांत तिथं अशी झुंबड असते की डोकं खाजवायला फुरसत मिळत नाही. अशाच एका दुपारी एक बाई दुकानाच्या पायरीवर आपल्या लेकीला झापत होती. पोरगी हॉलतिकीट घरी विसरून आली होती. बाईचा आवाज इतका खणखणीत की मशीनची घरघर मागे पडली. मनात म्हटलं, आमची आई अशीच ओरडायची. आणि तो आवाज कानात आणायला गेले, तर येईना. आईचे शब्द आठवले, नाचणारे हात आठवले, कपाळावरची आठी आठवली. आवाज तेवढा आठवला नाही.

आई जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक चेहरा पाडून ऐकायला लागतात आणि माझं डोकं फिरतं. आई आणि आबा माझ्याच घरी राहतात. बऱ्याच वर्षांपूर्वी आईला घशाचा कॅन्सर झाला, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि जीव वाचवला. आता ती गळ्याच्या भोकातून श्वास घेते, त्यावर पातळ रुमाल बांधते, आणि कुणाला हाक मारायची झाली की ताटावर उलथनं आपटते. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणलं होतं. एकदाच लावलं तिनं. स्वतःचा तो भुंग्यासारखा आवाज ऐकला आणि यंत्र कपाटात टाकलं, ते आजवर बाहेर काढलेलं नाही. राग मात्र तसाच आहे. तो हातांतून, डोळ्यांतून, ताटातून बाहेर पडतो.

पण जिवंत माणूस शेजारी बसून शेंगा फोडतोय आणि त्याचा आवाज आपण विसरलोय, हे मला सोसेना. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू केला. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या घरात साधा बटणांचा फोन होता, त्यात कसलं आलंय रेकॉर्डिंग. माझ्या लग्नाची कॅसेट होती. ती एका व्हिडिओच्या दुकानात नेऊन संगणकावर उतरवून घेतली. सगळ्या लग्नभर आईचं तोंड चालू आहे, आचाऱ्याला, भटजीला, माझ्या मामाला ती काहीतरी सुनावतेय, आणि वर त्या व्हिडिओवाल्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई घातलेली. त्या काळी सगळेच घालायचे. कुणी कुणाला काय बोललं ते एकाही लग्नात ऐकू येत नाही.

मग उरला पिक्चर.

त्याचं असं आहे. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. आमचं घर स्टुडिओच्या मागच्या गल्लीत होतं. दारात म्हशी, आणि स्टुडिओच्या चहाला दूध आमचं. एका सकाळी कॅन्टीनवाला म्हणाला की दुधात पाणी आहे. झालं, आईनं त्याला अंगणात उभा करून असा सोलला की आत चाललेलं काम थांबलं. आत चालू होतं डबिंग. खेड्यातला पिक्चर, बाहेर माळावर काढलेला, त्यामुळे सगळे संवाद नंतर स्टुडिओत बोलून भरायचे होते. त्यातली कजाग शेजारीण केली होती शहरातल्या एका नटीनं. दिसायला झक्कास, पण नवऱ्याला शिव्या देताना बाई आरती म्हणतेय असं वाटायचं. दिग्दर्शक बाहेर आले, आईचं ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी, जरा आत येता का?"

आईला पडद्यासमोर उभी केली. पडद्यावर नटीचं तोंड हललं की आईनं बोलायचं. घोळ असा झाला, की नटीनं आपली भाषा पाठ करून सावकाश म्हटलेली आणि आमच्या आईचं वाक्य तिच्या निम्म्यात संपायचं. तोंड अजून हलतंय आणि आवाज संपलाय. दिग्दर्शक म्हणाले, "तोंड मिटेस्तवर बोलत राहा, काय वाटेल ते बोला." मग आई बोलली. कागदावर जे नव्हतं ते सगळं तिनं पदरचं घातलं. लेखकानं लिहिलेलं वाक्य एक आणि त्यामागं आईच्या शिव्यांची माळ. श्रेयनामावलीत तिचं नाव नाही, पण पिक्चर लागला तेव्हा सगळी गल्ली थेटरात होती आणि त्या बाईनं तोंड उघडलं की लोक पडद्याकडं न बघता आईकडं बघायचे.

हे आम्ही लहानपणी हजारदा ऐकलेलं. पिक्चर मात्र मी पाहिला नव्हता. शोधल्यावर कळलं की पुण्यातला एक माणूस जुन्या मराठी पिक्चरच्या डिस्क करतो. दुकान नाही, साठा नाही. ऑर्डर आली की एक डिस्क बनवायची, कव्हर छापायचं, कुरियर करायचं. मला ही पद्धत फार आवडली. एक प्रत हवी असलेल्या माणसाला एकच प्रत द्यावी, हे मला दुकानात बसून चांगलं कळतं. मी ऑर्डर टाकली.

डिस्क आली. मी घरी कुणाला न सांगता दुकानाचं शटर अर्धं ओढून ती लावली. शेजारीण आली. कमरेला पदर खोचला, खाटेवरच्या नवऱ्यासमोर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि बासरी वाजायला लागली. बाई हात नाचवतेय, दात खातेय, आणि तोंडातून बासरी. दुसऱ्या प्रसंगात पुन्हा बासरी. तिसऱ्यात बासरीच्या जोडीला सतार.

पुण्याला फोन लावला.

"ताई, ती फॅमिली आवृत्ती आहे," तो माणूस म्हणाला. "निर्मात्याच्या मुलानंच तसं करून दिलंय. शिव्या आहेत तिथं संगीत. माझ्याकडं आलं तेच असं."

"मग मूळ आवाजाची करून द्या."

"तुमच्या एकटीसाठी?"

"तुम्ही एकेकच करता ना? मग एक माझी करा. एका कागदासाठी मशीन चालू करायला मला कधी कमीपणा वाटला नाही."

तो हसला. माणूस बरा होता. म्हणाला, जुनी प्रिंट आणा, रिळाच्या कडेला आवाजाची पट्टी असते, ती उतरवून घेता येईल. पण आधी हक्कदाराची परवानगी आणा.

हक्कदार इथलेच. एका पतसंस्थेचे चेअरमन, दारात दोन गाड्या. मी गेले तेव्हा नीट वागले, चहा पाजला. म्हणाले, "पिक्चर आमच्या वडिलांचा. लोक घरात बायकापोरांसंगं बघणार. आता आमच्या घरात सुना आल्यात. असल्या शिव्या बऱ्या दिसत न्हाईत."

"तुमच्या वडिलांनीच घेतल्या होत्या की त्या."

"तवाचं सोडा," म्हणाले आणि उठले.

घरी येऊन मी आबांना सांगितलं. आबा मागच्या दारी बसले होते. आईचं ऑपरेशन झाल्यापासून ते तिथंच बसतात, पुढच्या खोलीत फारसे येत नाहीत. म्हणाले, "जीव वाचला न्हवं? मग आवाजाचं काय घिऊन बसलीस? सोड की." माझं टाळकंच सटकलं. या माणसानं उभा जन्म तो आवाज ऐकला, आणि त्याला त्याचं काहीच नाही? दोन-चार दिवस मी आबांशी धड बोलले नाही.

आईला मात्र सगळं सांगितलं. बासरीचं सांगितल्यावर ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठली, लुगडं बदललं, नवा रुमाल बांधला आणि दारात चप्पल घालून उभी राहिली.

चेअरमनसाहेबांच्या सोफ्यावर ती टेकून बसली नाही, काठावर बसली. आवाज गेलेल्या माणसाशी लोक मोठ्यानं बोलतात, जणू त्याला ऐकूच येत नाही. साहेबही मोठ्यानं बोलले, "मावशी, तुमच्याबद्दल आदर हाय. पण जमाना बदललाय!" आईनं त्यांना पुरतं बोलू दिलं. मग ती बोलली. ओठ, हात, बोट, डोळे, सगळ्यांनी बोलली. आवाज म्हणून फक्त गळ्यातल्या वाऱ्याची फसफस. बराच वेळ चाललं ते. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "काय म्हणाल्या?"

"बासरीखाली आहे तेच," मी म्हटलं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "लहान असताना मी स्टुडिओत यायचो. ह्यांनी एकदा मला म्हशीच्या शेपटाला फटाकडं बांधताना पकडलं होतं. लै भ्यायचो मी ह्यांना." पेन काढून त्यांनी परवानगी लिहून दिली. अट एकच, डिस्कवर 'मूळ आवाजासह' असं छापायचं, म्हणजे घेणाऱ्याला आधी कळेल. छापू म्हटलं, मोठ्या अक्षरात छापू. प्रिंटचं विचारलं तर म्हणाले, ती वडिलांनी एका टुरिंग टॉकीजवाल्याला दिली होती, कबनूर गावचा तो.

कबनूरला आई पण आली. आता तिला घरी ठेवायची कुणाची टाप होती. टुरिंग टॉकीजवाला केव्हाच वारलेला, त्याच्या मुलानं तंबू मोडून कापडाचे यंत्रमाग टाकलेले. शेडमध्ये मागांचा असा खडखडाट की शेजारच्याचं ऐकू येणार नाही. मी घसा फोडून सांगतेय, मालक कानाला हात लावून "काय? काय?" करतोय. आणि बघते तर आई दोन मागांच्या मधल्या बोळात एका बाईशी मजेत गप्पा मारतेय. मागावरची माणसं अशीच बोलतात, ओठ बघून आणि हातानं. तिथं आवाज कुणालाच नव्हता. आईनं काय शोधायला आलोय ते सांगितलं, त्या बाईनं मालकाला सांगितलं, मालकानं वर माळ्याकडं बोट केलं. परत निघताना आई त्या बाईच्या हातावर टाळी देऊन आली. कितीतरी दिवसांनी मी तिला अशी खुशीत पाहिली आणि मला तिथंच रडू फुटलं.

माळ्यावरचे डबे उतरवले. काही उघडल्या उघडल्या आंबूस वास आला, आतली फिल्म गुळाच्या ढेपेसारखी एकजीव झालेली. आपला प्रसंग नेमका कुठल्या डब्यात ते कुणाला ठाऊक? सगळे डबे गाडीत टाकले आणि तसेच पुण्याला नेऊन दिले.

मग नुसती वाट बघणं, आणि तेवढं एक मला जमत नाही. मी फोन करकरून त्या माणसाला भंडावून सोडलं. शेवटी त्याचाच फोन आला. शेवटची काही रिळं वाया गेलीत, पण शेजारणीचा पहिला प्रसंग पुरा निघालाय. खरखर फार आहे, म्हणाला, आवाज जरा साफ करू का?

"हात लावू नका," मी म्हटलं. "आहे तसा द्या."

डिस्क आली ती पुन्हा ऐन परीक्षेत. रांग लागली होती, तरी शटर ओढलं. पोरं मागून बोंबलत होती, बोंबलू दे म्हटलं. घरी आले तर नुकतं नळाला पाणी आलेलं, आबा मागं घागरी भरत होते. त्यांना हाक मारली नाही. त्यांना काय पडलंय, असा राग होताच. आईला टीव्हीसमोर बसवलं. डिस्क लावली, पुढं ढकलत ढकलत त्या प्रसंगाशी आणली.

शेजारणीनं कमरेला पदर खोचला. खरखर झाली.

"अवं, उठताय का न्हाय? म्हशीनं दावं तोडलं, पोरं उपाशी, आन तुमी हितं पसरलाय व्हय? कान हायत का भोकं हायत नुसती? मुडदा बशिवला त्या खाटंचा..."

आई होती ती. जाडसर, वरच्या पट्टीतली, वाक्याच्या शेवटी जराशी फाटणारी. अगदी अशीच. कशी विसरले होते मी? मी आईकडं बघितलं. तिचे ओठ टीव्हीतल्या बाईच्या आधी हलत होते.

तेवढ्यात मागं घागर खाली पडल्याचा आवाज झाला. बोळातून भराभरा पावलं आली.

"आलो, आलो, हितंच हाय की," आबा ओरडत आले. "पाणी भरतुया न्हवं, जरा दम काढशील का न्हाय..."

दारात आले आणि थांबले. त्यांनी आईकडं बघितलं. आईचं तोंड आता मिटलेलं होतं. त्यांनी टीव्हीकडं बघितलं. ओल्या हातातून पाणी फरशीवर गळत होतं आणि टीव्हीतली बाई थांबायला तयार नव्हती. आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही, लपवलं नाही.

आईनं माझ्या हातातून रिमोट घेतला. मला वाटलं, बंद करणार. तिनं आवाज वाढवला.