आपल्याच रानातली मजुरी

दर महिन्याला सरकारचे पैसे आईच्या खात्यावर पडायला लागले, तेव्हा तिनं पहिला हट्ट धरला तो भाताच्या लावणीचा. एरवी ती दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची आणि आमची लावणी मागं राहायची. यंदा साठलेले पैसे तिनं माझ्या वडलांच्या, आप्पांच्या हातात ठेवले आणि आमच्या रानात मजुरीनं बायका लावल्या.

मी बेळगावातून रजा काढून आलो, तर ही मालकीण गुडघाभर चिखलात, सगळ्यांच्या पुढं! मी वैतागलो. "आई, बांधावर बस की गं! मग बायका कशाला लावल्यास?"

"बसून पाठ दुखती रं," ती वाकूनच म्हणाली.

संध्याकाळी आप्पा मजुरी वाटू लागले. बायका ओळीनं उभ्या राहिल्या आणि सवयीनं आईनंही त्यांच्यात उभं राहून हात पुढं केला. बायका खो खो हसल्या. ती लाजून हात मागं घेणार, तोच आप्पांनी तिच्याच पैशांतल्या नोटा तिच्या तळव्यावर ठेवल्या.

आईनं त्या नीट पदराला बांधल्या.

"लग्न झाल्यापास्नं हितं राबत्यात हे हात," ती म्हणाली. "मागची बाकी कधी देतासा?"